मानाच्या सायकली

बदलापूर गावात कौसाबाईच्या घरामागे परसात एक पत्र्याचं खोपट होतं. दोन बाजा शेजारी-शेजारी टाकल्या की खोपट संपलं, एवढंच. बाहेर शेवगा, अळूचा वाफा, दोन पपया. आणि आत? आत सायकली. एक नाही, दोन नाही, चांगल्या पाच.

"एवढ्या सायकली? दुकान काढलंय का काय?" असं कुणी नव्या माणसाने विचारलं, की कौसाबाईला राग यायचा. दुकानातल्या सायकली निदान विकता तरी येतात. या विकता येत नव्हत्या, तीच तर सगळी रड होती.

त्यातली एक कौसाबाईच्या नवऱ्याची, शंकररावांची. काळी, दणकट, मागच्या कॅरिअरवर भेंडीच्या पाट्या बांधून ते उल्हासनगरच्या बाजारात जायचे. शंकरराव गेले, सायकल राहिली. आता मेलेल्या माणसाची सायकल विकणार कोण? दोन सायकली रोजच्या. एकीवर थोरला भगवान कंपनीत जायचा, दुसरीवर धाकटा सोमा. मधल्या नाथाला कंपनीची बस होती. आणि उरलेल्या दोन होत्या मानाच्या.

मानाची म्हणजे लग्नात सासऱ्याने जावयाला दिलेली. हुंडा नाही हां! हुंडा हा शब्द त्या घरात कुणी तोंडातून काढत नसे. मान. घड्याळ, अंगठी आणि सायकल, असा तो मान असायचा. आता मानाची सायकल जावयाने चालवावी की नाही? तर नाही. रोज चालवून झिजवली तर मान कसला? ती ठेवायची असते. भगवानच्या आणि नाथाच्या त्या सायकलींच्या दांड्यांवरचा दुकानातला प्लॅस्टिकचा कागदसुद्धा अजून कुणी काढला नव्हता. तशाच कोऱ्या करकरीत म्हाताऱ्या होत चालल्या होत्या बिचाऱ्या.

बरं, बाहेर पडवीत ठेवाव्यात, तर तीही सोय नव्हती. एकदा ठेवून झालं होतं. नाथाचा सासरा, बारवी धरणाकडच्या पाड्यावरचा रामभाऊ, लेकीला भेटायला म्हणून आला आणि बघतो तर काय, त्याने दिलेल्या सायकलीच्या सीटवर कोंबडी बसलेली. कोंबडी काही नुसती बसली नव्हती, तिने सीटची पार शोभा केली होती. रामभाऊने चपला पायातून काढल्याच नाहीत. "माझा मान तुमच्या कोंबडीखाली," एवढं बोलला आणि पाणीसुद्धा न घेता उलट पावली गेला. नाथाची बायको सखू दोन दिवस रडत होती. तेव्हापासून पाचही सायकली खोपटात गेल्या, आणि त्या लावायचं काम थोरल्या सुनेकडे, विठाकडे आलं.

का विठाकडे? कुणी ठरवलं नव्हतं. त्या घरात कामं ठरवून कुणाकडे जात नसत, ती वाहत वाहत उताराला यायची, आणि उताराला विठा होती.

विठा उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये टेकचंद सेठच्या कारखान्यात जीन्सचे खिसे शिवायची. सकाळी सगळ्यांचे डबे भरून निघायचं, स्टेशनबाहेरून शेअर रिक्षा, रिक्षात चौथी म्हणून अर्धं ढुंगण बाहेर ठेवून बसायचं, दिवसभर जाड कापड मशीनखाली सरकवायचं, आणि संध्याकाळी परत तोच रस्ता उलटा. घरी आलं की पदर खोचून चूल. तिचे पाय पोटऱ्यांपासून भरून यायचे. रात्री अंथरुणावर पडली तरी रिक्षाचा धक्का अंगातून जायचा नाही. ती दमली होती, आणि हे दमणं झोपेने जाणारं नव्हतं.

"सोड ना मग नोकरी," भगवान म्हणायचा. माणूस वाईट नव्हता हो तो. बायकोचे पाय बघून खरंच जीव तुटायचा त्याचा. पण सोड म्हटलं की विठा उठून डबे घासायला घ्यायची. घरात ती थोरली होती, वहिनी होती, आई होती. कारखान्यात शिरलं की कुणीतरी हाक मारायचं, "विठाबाई, आज मोठा बंडल है." मोठ्या बंडलाला ती भीत नव्हती. ते नाव ऐकायला तिला बरं वाटायचं. आणि हात चालायला लागले की डोकं शांत व्हायचं. हे नवऱ्याला सांगायचं कसं? हसला असता तो.

त्या वर्षी पावसाळा सरता सरता विठा कारखान्यातच चक्कर येऊन पडली. टेकचंद सेठने स्वतः पाण्याचा ग्लास आणला. सेठ सिंधी, बोलायला गोड आणि हिशेबाला कडक. म्हणाला, "देखो विठाबाई, तुझ्यासारखा खिसा इधर कोणी लावत नाही. मैं मशीन तुझ्या घरी पाठवतो. माल टेम्पोने येईल, टेम्पोने जाईल. लेकिन जागा सुकी पाहिजे, ताला लावायला पाहिजे. मशीन भिजली तो मामला खतम. और मशीन परत आली, तो फिर तू भी इधर यायचं नाही, मैं दुसरी बाई बघून ठेवली असेल."

घर आधीच खचाखच भरलेलं. पुढच्या खोलीत सासू आणि सोमा, मधल्या खोलीत नाथा-सखू, स्वयंपाकघरात ही दोघं आणि पोरं. सुकी आणि कुलूप लागेल अशी जागा सबंध घरात एकच होती. त्यात सायकली होत्या.

विठा संध्याकाळी खोपटाच्या दारात उभी राहून बघायची. पाच हँडलं एकमेकांत शिंगं अडकवून बसलेल्या म्हशींसारखी. एक ओढली की दुसरी पडायची, दुसरी उचलावी तर पॅडल पोटरीला लागायचं. पण तिच्या डोक्यात काहीतरी घोळत होतं. कारखान्यात कटिंग मास्टर कापडावर पॅन्टचे पाय आखायचा, ते सगळे एका दिशेने कधीच आखायचा नाही. एकाचा रुंद भाग येतो तिथे दुसऱ्याचा अरुंद भाग घालायचा. चिंधीसुद्धा वाया जायची नाही. मग सायकलीचं तरी काय वेगळं? रुंदी असते ती हँडलाला. मागून सायकल म्हणजे काडी.

रविवारी तिने सगळ्या सायकली परसात काढल्या. एकीचं तोंड भिंतीकडे, दुसरीचं दाराकडे, अशा उलट-सुलट लावल्या. हँडल दुसरीच्या सीटखाली बरोबर शिरलं. पॅडलं वर-खाली फिरवून ठेवली म्हणजे एकमेकींना खेटत नाहीत. सोमाची दुसरी पाळी, म्हणून त्याची सायकल आत. भगवानची पहिली, म्हणून ती दाराशी. तरी मशीनला जागा पुरेना. मग तिने वर बघितलं. खोपटाचं आढं शंकररावांनी चांगल्या सागाचं घातलं होतं. जुन्या ट्यूब कापून तिने दोन फास केले. पुढचं चाक फासात अडकवलं, की सायकल भिंतीला पाठ लावून उभी टांगली जाते.

"कुणाची टांगणार?" सखूने कमरेवर हात ठेवून विचारलं. "माझ्या बापाची सायकल फासावर द्यायची नाय हां, सांगून ठेवते. ते आले आणि बघितलं तर या दारात पुन्हा पाय ठेवायचे नाहीत."

"नको देऊ बाई. माझ्या बापाची देते."

विठाच्या बापाने ती सायकल उल्हासनगरहून घेतली होती. घेतली आणि आपल्या गावापर्यंत हातात धरून चालत आणली होती, तो लांबचा रस्ता. जावयाच्या आधी आपण तिच्यावर कसं बसायचं, म्हणून. पायाला फोड आले तरी माणूस सीटवर बसला नाही. ते आठवून विठाचे डोळे भरले, पण तिने चाक उचललं आणि फासात घातलं. दुसऱ्या फासात सासऱ्याची. सासरे काय आता बघायला येणार होते?

आणि खरंच, एका भिंतीला टेबल मावेल, समोर स्टूल मावेल, एवढी जागा निघाली. ती रिकामी जमीन बघून विठाला हसूच फुटलं. झाडून काढली, शेणाने सारवली. कौसाबाई येऊन बघून गेली. "हात हाय गो तुझा," म्हणाली. "डब्यात पोळ्या रचाव्यात तशा रचल्यान."

मशीन आली. मोटरची, जड, टेबलासकट चौघांनी उचलून आत ठेवली. भगवानने घरातून वायर ओढून वर बल्ब लावून दिला. मग काय विचारता! सकाळची कामं आटपून विठा परसातून चार पावलं चालायची, की आली कामावर. रिक्षा नाही, धक्का नाही. खिशामागून खिसा मशीनखालून निघायचा. डोक्यावर दोन सायकली टांगलेल्या, पाठीशी तीन उभ्या, आणि मधोमध स्टुलावर ती. पायाची सूज उतरायला लागली. दमायची ती अजूनही, घर काय सुटतंय थोडंच! पण दुपारी स्टुलावर बसलं, की आपलं कुठेतरी काहीतरी आहे असं तिला वाटायचं. टेम्पोवाला भिंतीपलीकडून ओरडायचा, "विठाबाई, माल तय्यार?" ती उत्तर द्यायच्या आधी क्षणभर थांबायची. आणखी एकदा हाक येऊ दे, म्हणून.

तुळशीचं लग्न झालं आणि सोमाचं ठरलं.

सोमाचे सासरे अंबरनाथकडचे, शहाणी, बोलकी माणसं. मानाची बोलणी झाली तेव्हा ते म्हणाले, "आता सायकलीचे दिवस राहिले का हो? आम्ही मोटरसायकल देऊ." कौसाबाई चार दिवस जमिनीवरून चालतच नव्हती. लग्नात मांडवाच्या तोंडाशी ती लाल मोटरसायकल झेंडूच्या माळा घालून उभी केली होती, आणि नवरीपेक्षा तिलाच जास्त लोक बघत होते. ती सोमाने चालवायची की नाही, हा प्रश्नच नव्हता. त्याला चालवता येत नव्हती.

लग्नाची गडबड ओसरली आणि सोमाच्या सासरकडून निरोप आला, नवरीला घेऊन पाचपरतावणाला आम्ही येतो. कौसाबाईने विठाला हाक मारली.

"थोरले, मोटरसायकल खोपटात घाल. ते येतील तेव्हा उन्हात, कोंबड्यांत दिसायला नको. रामभाऊचं काय झालं ठाव हाय ना?"

"आई, जागा कुठाय?"

"तुला ठाव. तू काढशील बरोबर. मशीन तेवढी..." कौसाबाई थांबली. मशीन म्हणजे काय हे तिलाही कळत होतं, एवढी काही ती दगड नव्हती. "मशीन राहू दे, नायतर मग बघू. दोन्ही मावलं तं सोन्याहून पिवळं."

मशीन बाहेर गेली म्हणजे ती सेठकडे परत गेली, आणि सेठकडे गेली म्हणजे सगळं संपलं. दुसरी बाई खिसे शिवणार आणि विठा पुन्हा नुसती थोरली. मशीन हलू द्यायची नाही, एवढं एकच तिने मनाशी धरलं, आणि सकाळपासून खोपटात शिरली.

मानाच्या दोन, सासऱ्याची एक, तिन्ही टांगायच्या, म्हणून तिने तिसरा फास केला. सखूने तोंड उघडलं तसं कौसाबाईने तिला गप्प केलं. "मोटरसायकलीपुढं आता सायकलीचा कसला गो मान?" बापाच्या सायकलीचा प्लॅस्टिकचा कागद सखूने पदराने पुसला आणि चाक स्वतःच उचलून विठाच्या हातात दिलं. तो कागद पुसताना तिचा चेहरा बघून विठालाच कसंतरी झालं.

मोटरसायकल लांबच्या भिंतीला. तिचं हँडल एका बाजूला पार वळवून टाकलं, की तेवढी वीतभर जागा वाचते. मशीन तिच्या भिंतीला जशीच्या तशी. राहिल्या रोजच्या दोन सायकली. त्या काही केल्या जाईनात. विठाने उभ्या करून बघितल्या, आडव्या करून बघितल्या. घाम कानामागून गळत होता, दंड भरून आले होते. मग एक उलट, एक सुलट, मशीन आणि मोटरसायकलीच्या मधल्या फटीत घातल्या. पॅडल फिरवलं, थोडं रेटलं, आणि गेल्या! दार लोटलं तर दारही लागलं.

विठा दाराला टेकून उभी राहिली. मशीन आत होती. सगळं आत होतं. तिला इतका आनंद झाला की भूक लागल्याचंही कळलं नाही.

दुपारी पाहुणे आले. जेवणं झाली. पान खाऊन झाल्यावर कौसाबाईलाच राहवलं नाही. "आमच्या थोरलीनं खोपट कसं लावलंय, बघा तरी," म्हणत तिने सगळ्यांना परसात नेलं. सोमाचे सासरे, सासू, नवी नवरी, मागे भगवान, नाथा, सोमा. दार उघडलं. मोटरसायकल लाल चमकत होती. वर तीन सायकली, खाली दोन, कोपऱ्यात मशीन.

"वा वा वा!" सोमाचे सासरे म्हणाले. "हे म्हणजे औषधाच्या डबीत कापूस भरतात तसं झालं. आणि ही मशीन? चालते का?"

"चालते तं! थोरली चालवते. जीन्सचे खिसे. कॅम्पातनं टेम्पो येतो," कौसाबाई म्हणाली.

सोमाच्या सासऱ्यांनी आत मान घातली. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. त्यांच्या मनात काही वाकडं नव्हतं. त्यांनी आपलं सहज विचारलं, "मग त्या बसतात कुठं?"

विठाने बघितलं. मशीनसमोर सायकलीची चाकं होती. स्टूल बाहेर अळूच्या वाफ्याशी पडलं होतं, तिनेच सकाळी ते अडचण म्हणून उचलून बाहेर टाकलं होतं. सगळ्यांची जागा तिने वीत-वीत मोजून काढली होती. मेलेल्या सासऱ्याची काढली, कोंबड्यांच्या भीतीने मोटरसायकलीची काढली. स्वतः बसायचं तिच्या ध्यानातच राहिलं नव्हतं. दुसऱ्या कुणी विसरलं असतं तर ती भांडली तरी असती. आता भांडणार कुणाशी?

"तिचं काय!" कौसाबाई हसत म्हणाली. "ती बसंल कुठं पण."

सगळे हसले. पाहुणे हसले, भगवान हसला, विठाही हसली. सवयच ती. आणि हसता हसता तिच्या पोटऱ्यांतून अशी काही कळ निघाली, की तिला दाराचा खांब धरावा लागला.

मग ती आत शिरली. भगवानची सायकल धरून मागे ओढली, ती बाहेर काढून शेवग्याला टेकवली. सोमाची काढली, तीही टेकवली.

"अगो, करतेस काय? पाहुणे हायत," कौसाबाई दबक्या आवाजात म्हणाली.

विठाने मोटरसायकलीचं स्टँड पायाने वर केलं आणि हँडल धरून ढकलायला लागली. लोखंडाचं धूड ते, उंबऱ्याला अडलं. तेवढ्यात मागून कुणीतरी जोर लावला. विठाने वळून बघितलं. सखू होती. पदर कमरेला खोचून, खालचा ओठ दाताखाली धरून ती रेटत होती. मोटरसायकल उंबरा ओलांडून परसात आली आणि उन्हात, कोंबड्यांच्या मध्ये उभी राहिली.

"थोरले!" आता कौसाबाईचा आवाज चढला. "तोंडाला काळं फासलंस गो आमच्या! व्याही काय म्हणतील?"

व्याही आपल्या मोटरसायकलीकडे बघत होते, आणि मग विठाच्या पायांकडे. सोमा काही बोलायला पुढे झाला, तर भगवानने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं. का थांबवलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. मघाशी आपण हसलो, हे त्याला आत कुठेतरी टोचत होतं.

विठाने अळूच्या वाफ्यातलं स्टूल उचललं, त्याला लागलेली माती हाताने झटकली आणि मशीनसमोर ठेवलं. ती चिडली नव्हती. चिडायला अंगात जोर लागतो, आणि तो सकाळीच सायकली उचलण्यात संपला होता. सासूकडे बघून ती म्हणाली, "आई, माझे पाय दुखतात. मी बसते. राहिलेल्या जागेत काय मावतं ते आता तुम्ही बघा."

आणि इतक्या माणसांसमोर, सासू उभी असताना, ती बसली.